ताईची दालचिनी

...आणि मी मान वर करून बसलेलो, तोंडाला फेस, गळ्यावर वस्तरा, आणि हा न्हावी मला, अहो मला, दालचिनीचे फायदे सांगतोय! 'साहेब, सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात एक चमचा. शुगर उतरते, चरबी उतरते, सांधे मोकळे होतात, केस गळायचे थांबतात.' आता ह्याचं स्वतःचं डोकं आरशात असं चकाकतंय की दुकानात दिवा लावायची गरज नाही... पण बोलणार कसा? गळ्यावर वस्तरा असताना माणसानं वाद घालू नये, एवढं तर शाळेत न जाताही कळतं. मी नुसतं 'हं' केलं. तर त्याला वाटलं, मला पटलं नाही. वस्तरा हवेत धरून म्हणतो, 'घेऊन तर बघा. नुकसान तर काही नाही ना!'

तुम्हाला सांगतो, हे वाक्य... 'नुकसान तर काही नाही ना'... हे ज्यानं पहिल्यांदा तोंडातून काढलं ना, तो मला एकदा भेटायला हवा. म्हणजे तो मला भेटलाय, रोज भेटतो, पण ते नंतर सांगतो.

अहो, मी अठ्ठावीस वर्षं दालचिनीच्या गोदामात आहे. प्रतवारी करतो. म्हणजे काय, तर लांबून लांबून गाठोडी येतात, ती सोडायची, साल हातात घ्यायची, मोडायची, हुंगायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि सांगायचं, ही पहिल्या नंबरची, ही दुसऱ्या, ही भुकटीला आणि ही कशाला आणली परत न्या. अठ्ठावीस वर्षं! माझ्या शर्टाला वास, पाकिटाला वास, उशीच्या अभ्र्याला वास. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस दोन थांबे गेले की हमखास घरी फोन लावतो आणि विचारतो, आज केक वगैरे काही केलाय का. आणि मला शिकवणार कोण? न्हावी. गेल्या आठवड्यात चष्मेवाला. त्याच्या आधी लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, अर्धा लिफ्टच्या आत, अर्धा बाहेर, तिथून ओरडून सांगतोय, 'काका, मधातून घ्या, मधातून!'

घरी तरी सुटका? बायको मोबाइल माझ्या नाकाला टेकवून म्हणते, 'बघा, ह्यात सांगतायत की दालचिनीच्या नुसत्या वासानं स्मरणशक्ती वाढते.' मी म्हटलं, मी अठ्ठावीस वर्षं दिवसातून शंभर वेळा हुंगतोय, परवा छत्री कुठे विसरलो? म्हणाली, 'बसमध्ये.' आणि त्याच्या आधीची? 'तीपण बसमध्ये.' मग? तर म्हणते, 'हुंगली नसती तर पत्ताही विसरला असतात. आणि नुकसान तर काही नाही ना!' आता ह्याला उत्तर असलं तर तुम्ही द्या, मी लिहून घेतो.

बरं, दालचिनी म्हणजे काय हे ह्यातल्या एकाला तरी विचारा. कुणी म्हणतं मूळ, कुणी म्हणतं काडी, चष्मेवाल्याला तर वाटत होतं ती शेंग आहे. अहो, साल आहे ती! झाडाची साल. तीही वरची खडबडीत नव्हे, आतली. झाड उंच वाढूच देत नाहीत, बुंध्याशी छाटतात, मग आजूबाजूनं सरळसोट फांद्या फुटतात. पाऊस पडून गेला की त्यांच्यात रस चढतो, तेव्हाच कापायच्या. वरची साल खरवडून टाकायची, मग पितळेची कांडी घेऊन फांदी घासायची, घास घास घासायची, म्हणजे आतली साल लाकडाला सोडते. मग सुरीनं उभी चीर द्यायची आणि ती साल अख्खी, न फाडता, उचलायची. मी एकदा पाहायला गेलो होतो. एक आजीबाई जमिनीवर बसून सोलत होत्या. हाताकडे बघतसुद्धा नव्हत्या, सुनेशी भांडत होत्या, आणि साल आपली अलगद सुटून येतेय. मला म्हणाल्या, बस, कर. मी केलं. माझ्या हातात जे आलं त्याला साल म्हणता आलं नसतं. आजीबाई सुनेला म्हणाल्या, 'बघ, ह्याच्यापेक्षा तू बरी.' त्या दोघींचं भांडण माझ्यामुळे मिटलं, एवढंच माझं तिथलं काम.

आणि ती साल सावलीत वाळताना आपोआप गुंडाळते, हां! कुणी गुंडाळत नाही. आधार गेला की आत वळते. अठ्ठावीस वर्षं बघतोय, पण अजून कधीकधी हातात धरून बसतो मी.

मी काय सांगत होतो? हां, फायदे. तर हे फायद्यांचं खूळ आजचं नाही. हजारो वर्षं झाली. पूर्वीच्या राजेरजवाड्यांना ही हवी असायची, देवापुढे जाळायला, मेलेल्या माणसाच्या देहाला लावायला, औषधाला, आणि येते कुठून ते कुणालाच माहीत नव्हतं. कारण विकणारे सांगायचेच नाहीत! विचारलं की काय सांगायचे माहितीय? म्हणे प्रचंड मोठे पक्षी असतात, ते कुठून तरी दालचिनीच्या काड्या आणून कड्यावर घरटी बांधतात, मग आम्ही खाली मांसाचे मोठाले तुकडे ठेवतो, पक्षी ते घरट्यात नेतात, वजनानं घरटं कोसळतं, आणि आम्ही जीव मुठीत धरून काड्या गोळा करतो. आणि लोक हे ऐकून दुप्पट खुशीनं घ्यायचे! तेव्हा पक्षी होते, आता व्हिडिओ आहेत. माणसाला नुसती साल नको असते, तिच्याबरोबर गोष्ट लागते. मी हसायचो ह्या सगळ्यांना. खरं सांगतो, मनापासून हसायचो. आणि इथेच माझी पंचाईत आहे, कारण मी हसत होतो आणि त्याच वेळी माझ्या सख्ख्या बहिणीला...

थांबा. ताईबद्दल सांगायला हवं.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई कामाला जायची, म्हणून मला वाढवलं हिनं. माझी वेणी सोडून सगळं केलं, आणि वेणीसुद्धा एकदा घातली होती, फोटो आहे. शाळेत शिवण शिकवायची, आता निवृत्त. भावोजी गेले, मुलगा परदेशी, ही शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटी. बसनं सव्वा तास. मी जायचो, म्हणजे... जायचो. काही असलं की. तुम्हाला आमचं घर माहीत नाही. आमच्याकडे कुणी कुणाकडे सहज जात नाही. कामाशिवाय दारात उभं राहायचं म्हणजे आम्हाला चोरी केल्यासारखं वाटतं. प्रेम नाही असं नाही हो, भरपूर आहे, पण ते न्यायला पिशवी लागते.

दोन वर्षांपूर्वी ताईला शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. आणि महिन्याभरानं तिचा फोन, 'अरे, तुमची ती दालचिनी चांगली असते म्हणे शुगरला. खरं का?' आता बघा. मला माहीत होतं की ह्यात ठाम असं काही नाही. कुणी तपासलं तर थोडा फरक दिसला, कुणी तपासलं तर काहीच दिसला नाही, डॉक्टर लोक अजून वाद घालतायत. सांगायचं ना तसं? पण जन्मात पहिल्यांदा ताईनं मला काहीतरी विचारलं होतं, ज्यातलं मला तिच्याहून जास्त कळतं! छाती अशी फुगली माझी. मी म्हटलं, 'ताई, मी आणतो ना. तू घेऊन तर बघ. नुकसान तर काही नाही ना!'

हो. मीच. म्हटलं नव्हतं का, रोज भेटतो म्हणून? दाढी करताना आरशात भेटतो.

आणि आणायची तर कुठली आणायची? इथे पुन्हा जरा धंद्यातलं ऐका, दोनच मिनिटं. दालचिनी मुख्यतः दोन तऱ्हेची. एक पातळ, कागदाच्या घड्या एकात एक घालाव्यात तशी, बोटांनी चुरा होते, वास गोडसर, हळू बोलणाऱ्या बाईसारखा. दुसरी जाड, एकच वळसा, लाकडासारखी टणक, मोडली तर काडकन वाजते, वास असा की खोलीत आधी वास येतो, मग तुम्ही. आमच्या गोदामात मान कुणाला? जाडीला! आमची गिऱ्हाइकं सगळी बेकरीवाली, त्यांना वास भट्टीतून बाहेर रस्त्यापर्यंत यायला हवा. अठ्ठावीस वर्षं माझ्या डोक्यात एकच, जितका वास जबरदस्त तितका माल चांगला. मग बहिणीसाठी काय निवडणार मी? जाडीतली जाडी. सगळ्यात उग्र. दर महिन्याला शंभर काड्या हुंगून त्यातल्या दहा निवडायचो, स्वतः कुटायचो, कापडातून गाळायचो, बाटलीत भरायचो. बायको म्हणायची, माझ्यासाठी कधी मीठसुद्धा कुटलं नाहीत.

पहिली बाटली महिनाभर पुरली. मी न्यायचो, ताई चहा करायची, बाटली घ्यायची, हुंगायची, 'छान आहे' म्हणायची, मी बस पकडायचो. मग एकदा तीन आठवड्यांतच फोन, 'अरे, संपली.' मी खूश! म्हटलं गुण येतोय. मग पंधरा दिवसांत, 'संपली.' मग दहा दिवसांत. मी गोदामात सगळ्यांना सांगत सुटलो, आमच्या ताईला माझाच माल लागतो, दुसरा चालत नाही. अहो, अठ्ठावीस वर्षं मालाचं वजन करणारा माणूस मी, माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की एवढी बाटली दहा दिवसांत संपते म्हणजे ती बाई रोज घेते किती!

मग तिची वर्षाची तपासणी आली. मी बरोबर गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, शांत, कागदाकडे बघतायत, बघतायत, मग म्हणाल्या, शुगर ठीक आहे, पण लिव्हरचे आकडे वाढलेत, बरेच वाढलेत. दारू? ताईनं असं बघितलं की बाईंनी पुढचा प्रश्न घाईनं विचारला. कावीळ? नाही. दुसरी औषधं? नाही. काही घरगुती, काढा, पूड? आणि मी, हात दाखवून अवलक्षण, मध्येच म्हणतो, 'दालचिनी घेते ना! माझ्याच हातची.'

'किती?'

ताई हळूच म्हणाली, 'तीन चमचे. रोज. भरून.'

मला ठसका लागला. बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, पातळ की जाड? आणि तुम्हाला सांगतो, माणसाची खोड कशी असते बघा, समोर बहिणीचा रिपोर्ट पडलाय आणि मी खुर्चीत सरसावून सांगतोय, 'जाड! अस्सल! तिच्याहून कडक तुम्हाला अख्ख्या बाजारात मिळायची नाही!'

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की जाड सालीत एक द्रव्य असतं, ते जास्त पोटात गेलं तर काहींच्या लिव्हरला सोसत नाही. पातळ सालीत ते अगदी नावाला असतं. जेवणात, पावात चिमूटभर घातली तर दोन्हींपैकी कुठलीच काही करत नाही, पण रोज तीन चमचे जाड सालीची पूड म्हणजे फार झालं. आजपासून एकदम बंद. दीड महिन्यानं परत रक्त तपासू. आकडे उतरले तर हेच कारण. मी विचारलं, आणि नाही उतरले तर? त्या म्हणाल्या, मग पुढचं बघावं लागेल. 'पुढचं' म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

अति तिथे माती, हे तिसरीच्या पुस्तकात असतं हो. पण ती माती मी स्वतः कुटून, गाळून, बाटलीत भरून नेत होतो.

ताईच्या घरी परत पोचलो, आणि तिथे ओट्यापाशी माझा बांध फुटला. म्हटलं, ताई, अक्कल आहे का तुला? मी सांगितलं होतं एक चमचा! तीन चमचे? एवढी आवडली? एवढा विश्वास त्या पुडीवर? ती चहाची भांडी विसळत होती. पाठमोरी. म्हणाली, 'मला कुठे आवडते? घशात आग व्हायची.' मग? मग का गिळत होतीस?

ती नळ बंद करून म्हणाली, 'संपली की तू यायचास.'

...

ही बाई, जिनं मला बोट धरून शाळेत नेलं, ती महिन्याची बाटली पंधरा दिवसांत यावी म्हणून आग गिळत होती. ओतून द्यायची ना बेसिनमध्ये! तेसुद्धा विचारलं मी. तर म्हणाली, 'तू एवढं कुटून आणलेलं टाकून कसं द्यायचं?' बघा, म्हणजे लबाडी केली तीही प्रामाणिकपणे. आणि फोन करून 'ये' म्हणायला काय झालं होतं? पण तिला काय विचारू, मला तरी कुणी अडवलं होतं? सव्वा तासाची बस, दर वीस मिनिटांनी सुटते. मला रडू आलं हो. सरळ सांगतो, मी त्या ओट्याला टेकून रडलो, आणि ती पदराला हात पुसत म्हणाली, 'लिव्हर माझं आहे, तू का रडतोस?'

तो दीड महिना... मी गोदामात जायचो, साल मोडायचो, नाकाशी न्यायचो, आणि नको वाटायचं. जबरदस्त वास आला की पहिला नंबर द्यायचा हात अडखळायचा. कुणी म्हणालं, 'दालचिनी घ्यावी का हो, नुकसान तर काही नाही ना,' की मी त्याला धरून बसवायचो आणि जाड कुठली, पातळ कुठली, किती, कुणी घ्यावी, डॉक्टरांना विचारलंत का, अर्धा तास सोडायचो नाही. लोक मला टाळायला लागले. लिफ्टवाला जिन्यानं जायला लागला. रोज संध्याकाळी ताईला फोन करायचो, जेवलीस का, भूक लागते का, डोळे पिवळे दिसतात का. ती म्हणायची, 'डोळ्यांना डोळे कसे दिसणार?' पण फोन ठेवायची नाही.

रक्त द्यायला मी नेलं. रिपोर्ट आणायला मी गेलो. डॉक्टरीणबाईंकडे मीच नेलं. आकडे उतरले होते! सगळे नाहीत अगदी, पण उतरले होते, आणि बाई हसल्या, म्हणाल्या, सुधारतंय, बाकीचे पण येतील जागेवर, आता सहा महिन्यांनी या. माझा जीव भांड्यात पडला. ताईनं नुसती मान हलवली. खाली उतरल्यावर म्हणाली, 'म्हणजे आता सहा महिने काही काम नाही.' मला वाटलं, आनंदानं म्हणतेय. बसमध्ये बसल्यावर कळलं.

म्हणून मग मी ठरवलं. म्हटलं, आता पुरे! आपण शहाणी माणसं आहोत, साठीला आलो, बहिणीकडे जायला निमित्त कशाला? रविवारी सकाळी उठलो, आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, आणि हातात काही न घेता, पिशवी नाही, बाटली नाही, सरळ बसमध्ये बसलो. तीन मजले चढलो, बेल वाजवली.

ताईनं दार उघडलं. आधी माझ्या हातांकडे बघितलं. मग तोंडाकडे. म्हणाली, 'काय झालं?'

मी म्हटलं, 'काही नाही. सहज आलो.'

तुम्हाला सांगतो, तिचा चेहरा पांढरा पडला. खुर्चीवर बसली. म्हणाली, 'रिपोर्टात काहीतरी होतं ना? त्या बाईंनी तुला बाजूला घेऊन सांगितलं.' मी म्हटलं, नाही गं, खरंच सहज. 'सहज? तू?' मग उठून माझ्या कपाळाला हात लावला, मला ताप आहे का बघितलं. मग म्हणाली, बायकोशी भांडलास? नोकरी गेली? मी शपथा घेतोय, आणि ती माझ्या घरी फोन लावतेय! आणि तिकडून बायको काय म्हणाली असेल? 'मलाही काही न सांगता गेलेत हो.' झालं! ताईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, 'माझे किती दिवस राहिलेत ते सांग, मी घाबरणार नाही.' आता हिला काय सांगू? मी बहिणीला भेटायला आलोय, हे जगात कुणालाच खरं वाटेना, आणि खरं सांगायचं तर तिथे रिकामे हात घेऊन उभं राहिल्यावर मलाही ते जरा खोटंच वाटायला लागलं.

शेवटी मी म्हटलं, 'ताई, तो तुझा नळ गळतोय ना, तो बघायला आलोय.'

'मग आधी सांगायचं नाही का!' म्हणाली, डोळे पुसले, उठली, आणि चहाचं आधण ठेवलं.

नळ गळत नव्हता हो. चांगला होता. पण मी पाना मागून घेतला, ओट्याखाली शिरलो, आणि तासभर तिथे अंग मुडपून बसलो, ती शेजारी स्टूल घेऊन बसली आणि आम्ही इतक्या गप्पा मारल्या, इतक्या मारल्या, की गेल्या दोन वर्षांत मिळून मारल्या नसतील. निघताना म्हणाली, 'झाला नीट?' आता माणसानं काय करावं, तुम्हीच सांगा... मी परत खाली वाकलो, आणि चांगला घट्ट असलेला नळ अर्धा फेरा सैल करून आलो.